ओला-सुका वेगळा देऊनही गाडीत एकत्रच पडतो, मग वेगळा करायचाच कशाला?

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सोसायटीतली सगळी घरं ओला-सुका वेगळा देतात पण घंटागाडीत सगळं एकत्र पडताना तुम्ही स्वतः बघितलंय, मग ही मेहनत कशाला. दुसरं म्हणजे सुका कचरा खरंच रिसायकल होतो की नुसतं म्हणायचं. आणि तिसरं, जुनी गादी आणि सोफा गाडीवाला घेत नाही, तो द्यायचा कुणाला. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत आरोग्य निरीक्षक होतो, लोक एसआय म्हणतात ते, आता रिटायर झालोय त्यामुळे मोकळेपणानं लिहितो. उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगतो.

आधी गाडी. छोट्या टिपरमधे मधोमध एक पत्र्याचं पार्टिशन असतं, एका बाजूला ओला, एका बाजूला सुका, टेंडरच्या कागदावर एकदम झकास. पण ओला कचरा जड आणि बसका असतो, सुका हलका आणि फुगीर. त्यात गेल्या काही वर्षांत ऑनलाइन खरेदीची खोकी, बबलवाला प्लास्टिक कागद, हॉटेलच्या जेवणाचे काळे डबे हे सगळं इतकं वाढलंय की अर्धा रूट व्हायच्या आतच सुक्याचा कप्पा काठोकाठ भरतो आणि ओल्याच्या कप्प्यात अजून भरपूर जागा असते. पुढच्या दोन गल्ल्या बाकी, नऊ वाजत आलेले, लोक बादल्या घेऊन गेटवर उभे, रॅम्पवर, म्हणजे छोट्या गाड्या मोठ्या गाडीत कचरा ओततात तिथं, जाऊन गाडी रिकामी करून परत यायचं म्हणजे ट्रॅफिकमधे तास दीड तास गेला आणि डिझेल वेगळंच. मग हेल्पर सुक्याच्या पिशव्या ओल्यावर टाकतो. त्याला तुमच्याशी काही वैर नाहीये, पार्टिशन ज्यानं मधोमध ठोकलं त्यानं कधी गाडीवर उभं राहून कचरा घेतलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. काही ठिकाणी आम्ही पार्टिशन ओल्याच्या बाजूला सरकवून आणि सुक्यासाठी वर जाळी चढवून बघितलं, फरक पडतो, पण आरटीओचा पासिंगचा प्रश्न आणि ठेकेदाराची कुरकुर दोन्ही सांभाळत बसावं लागतं.

आणि एक बघा, पुढच्या वेळी गाडीच्या मागच्या बाजूला किंवा टपावर लटकवलेल्या गोण्या नीट बघा. एका गोणीत पाण्याच्या बाटल्या, दुसरीत पुठ्ठा, एखाद्या छोट्या पिशवीत पत्रा-ॲल्युमिनियम. तो हेल्परचा स्वतःचा माल असतो, संध्याकाळी भंगारच्या दुकानात विकायचा. म्हणजे गाडीत एकत्र पडलेलं तुम्हाला दिसलं तरी त्याच्या आधी हातानं बरंच काही बाजूला निघालेलं असतं आणि ते बाजूला निघू शकलं कारण तुम्ही ते कोरडं दिलं होतं. भाजीच्या देठांत आणि कालच्या आमटीत बुडालेला पुठ्ठा कुणी गोणीत घालत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे.

उरलेलं निम्मं पैशात आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

बहुतेक ठिकाणी कचरा वाहतुकीच्या ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. गाडी काट्यावर चढली, वजन झालं, पावती निघाली, बिल लागलं. आता तुम्ही ठेकेदार असाल तर विचार करा, तुम्हाला कुठला कचरा आवडेल? जड. पाणी असलेला, माती असलेला, कुणाच्या तरी बाथरूमच्या रिनोव्हेशनचा राडारोडा खाली दडवलेला. सुका कचरा वेगळा काढून भंगारवाल्याकडं गेला की काट्यावरचं वजन कमी होतं. सोसायटीनं आवारातच खत केलं की वजन कमी होतं. म्हणजे महापालिका एका हातानं वर्गीकरणाचे फ्लेक्स लावते आणि दुसऱ्या हातानं वर्गीकरण न झाल्याचे पैसे देते. पावसाळ्यात त्याच वस्तीतला तोच कचरा काट्यावर चांगलाच जड भरतो, कारण उघड्या गाडीत पाऊस पडतो आणि त्या पावसाचेसुद्धा आपण टनावर पैसे मोजतो. मी नोकरीत असताना काट्यावर अधेमधे न सांगता जाऊन बसायचो, गाडी रिकामी होताना बघायचो, कारण पावतीपेक्षा गाडीतून काय पडतं ते जास्त खरं असतं. एकदा एका गाडीतून कचऱ्याच्या थराखाली पेव्हिंग ब्लॉकचे तुकडे पडले, जवळजवळ अर्धी गाडी. ड्रायव्हर म्हणाला, साहेब लोकंच टाकतात. लोक टाकतातही, पण अर्धी गाडी नाही टाकत.

त्यामुळं कुठल्याही शहरात वर्गीकरण चालेल की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे, सुका कचरा वेगळा राहण्यात कुणाचा फायदा आहे ते शोधा. कुणाचाच नसेल तर कितीही जनजागृती करा, काही होत नाही.

पुण्यात हे थोडं वेगळं आहे आणि म्हणूनच पुण्याचं नाव देशभर घेतात. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांची संघटना. त्यातूनच पुढं स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मधे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करायला लागली. साडेतीन हजारांच्या आसपास लोक, बहुतेक बायका. त्यांना महिन्याचा पगार नसतो. घरटी महिन्याचं शुल्क तुम्ही देता ते त्यांचं, आणि सुक्या कचऱ्यातला जो विकाऊ माल आहे तोही त्यांचा. इथं आला बघा फायदा. जिच्या हातात तुमची बादली पडते तिलाच पुठ्ठा कोरडा राहायला हवा असतो, म्हणून ती तुमच्यावर वैतागते, म्हणून ती ओल्यात डबा दिसला की बेल वाजवून परत देते. आपल्याकडं बऱ्याच लोकांना याचा राग येतो, ‘कचरेवाली आम्हाला शिकवते’. अहो, अख्ख्या साखळीत शिकवण्याचा हक्क कुणाला असेल तर तिलाच आहे.

फीडर पॉइंट, म्हणजे या बायका घरोघरचा कचरा आणून मोठ्या गाडीला देतात ती जागा, कुणी बघितला नसेल तर सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला एकदा जाऊन बघा, साधारण प्रत्येक प्रभागात असतो, एखाद्या पुलाखाली किंवा मैदानाच्या कडेला. ढकलगाड्या येऊन लागतात, महापालिकेची मोठी गाडी यायची असते आणि ती यायच्या आत जो वेळ मिळतो त्यात वर्गीकरण होतं. एक ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर सुक्याचा ढीग. दोन्ही हात चालू असतात आणि नजर ढिगावर नसतेच, बोलणं शेजारणीशी चालू असतं. पाण्याची पांढरी बाटली एका गोणीत, तेलाचा-शाम्पूचा कडक डबा दुसऱ्या गोणीत कारण त्याला भाव जास्त, दुधाच्या पिशव्या वेगळ्या आणि त्या धुतलेल्या असतील तरच, नाहीतर वासामुळे दुकानदार भाव पाडतो. वहीचा पांढरा कागद वेगळा, पेपर वेगळा, पुठ्ठा पायानं चपटा करून गठ्ठ्यात. ॲल्युमिनियमचा कॅन मिळाला की तो थेट पदराशी असलेल्या छोट्या पिशवीत, कारण किलोमागं तोच सगळ्यात महाग. काच शेवटी, जड असते, भाव किरकोळ, हात कापतो ते वेगळंच, त्यामुळं बऱ्याचदा काच घेतच नाहीत. आणि मग गाठ मारलेली एखादी काळी पिशवी येते. ती उघडायच्या आधी हातानं दाबून बघतात, आत मऊ लागलं की चेहरा बदलतो, कारण आत डायपर आहे की पॅड आहे की मेलेला उंदीर ते उघडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल पेनानं मोठा ठिपका काढा. पुण्यात याच संघटनांनी रेड डॉट नावानं ही मोहीम चालवली. खरं तर २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी पाकिटाबरोबर विल्हेवाटीची पिशवी द्यायची. किती कंपन्या देतात ते तुमच्या घरात बघून सांगा. २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार होते, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नवीन नियमांत चार झालेत, सॅनिटरी कचरा स्वतंत्र काढलाय. कागदावर चांगलंच आहे, पण चौथा डबा घ्यायला येणाऱ्या गाडीत चौथा कप्पा कुठाय हे मी आधी बघीन.

आता गाडी भरल्यावर पुढं काय ते सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. छोट्या गाड्या रॅम्पवर जातात, म्हणजे हस्तांतरण केंद्र, तिथं चढावर गाडी उभी करून खाली मोठ्या कॅप्सूलमधे, म्हणजे बंद कंटेनरमधे, नाहीतर कॉम्पॅक्टरमधे कचरा ओततात. कॉम्पॅक्टरमधे तो दाबला जातो. हा दाबला जाण्याचा क्षण महत्त्वाचा. त्याच्या आधी जे हातानं निघालं ते निघालं, एकदा का ओला-सुका एकत्र दाबला की कागद गेला, पुठ्ठा गेला, पिशव्यांना आमटी लागली, काच फुटून ओल्यात मिसळली आणि त्या ओल्याचं नंतर खत केलं तरी त्यात काचेचे कण येतात. शेतकरी असलं खत एकदा नेतो, दुसऱ्यांदा येत नाही. पायाला लागलं की संपलं. राज्य सरकारनं ‘हरित महासिटी कंपोस्ट’ नावाचा ब्रँड काढलाय शहरांच्या खताला, कल्पना उत्तम, पण ब्रँडनं खत शुद्ध होत नाही, तुमच्या स्वयंपाकघरातल्या बादलीनं होतं.

वेगळा आलेला ओला कचरा प्लँटवर आला तर काम सोपं आहे. लांबट ढीग लावायचे, त्यांना विंड्रो म्हणतात, कुजवणाऱ्या जंतूंचं कल्चर मारायचं, आठवड्याला एकदा उलथायचं, आत हात घालवणार नाही इतकी उष्णता धरते, साठ डिग्रीच्या आसपास, महिना सव्वा महिन्यानं चाळणीवर टाकायचं आणि चार मिलिमीटरच्या जाळीतून जे पडेल ते खत. किंवा गॅस प्लँटला द्यायचा. इंदूरला २०२२ मधे ५५० टनांचा बायो-सीएनजी प्लँट सुरू झाला, लोक विचारतात आपल्याकडं का नाही. आपल्याकडंही पाच-पाच टनाचे छोटे गॅस प्लँट भरपूर उभे राहिले, त्यातले कितीतरी बंद पडले आणि बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा मशिनरी नसून आत जाणारा माल होता. गॅसच्या टाकीला पिशव्या, चमचे, नारळाच्या शेंड्या चालत नाहीत, पंप चोक होतो, आठवडाभर बंद, तेवढ्यात आतले जंतू मरतात, परत चालू करायला महिना. इंदूरचा प्लँट चालतो कारण तिथं दारातच वेगळा घेतात.

एकत्र आलेल्या कचऱ्याचं काय होतं? तो मोठ्या फिरत्या चाळणीतून जातो, त्याला ट्रॉमेल म्हणतात. खाली पडतं ते अर्धवट खत, वर राहतं ते प्लास्टिक, चिंध्या, चपला, पुठ्ठ्याचे लगदे. हे वरचं वाळवून, तुकडे करून गठ्ठे बांधले की त्याला आरडीएफ म्हणतात, म्हणजे जाळायचं इंधन, सिमेंट कारखान्याच्या भट्टीत टाकायचं. ऐकायला बरं वाटतं. पण ओल्यातून निघालेलं आरडीएफ ओलसर असतं, त्यात माती असते, जळताना उष्णता देण्याऐवजी खाते. सिमेंटवाला दगडी कोळसा सोडून हे का घेईल? २०१६ च्या नियमांत होतं की आरडीएफ प्लँटपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी निदान पाच टक्के इंधन यातून वापरायचं, पण पुण्यापासून शंभर किलोमीटरमधे सिमेंटच्या भट्ट्या आहेत कुठं, मोठे कारखाने चंद्रपूरकडं नाहीतर कर्नाटकात. म्हणजे ट्रकचं भाडं महापालिकेनं द्यायचं. तुम्ही रागानं एकत्र टाकलेली चिप्सची पाकिटं आणि भाजीचे देठ शेवटी तुमच्याच मिळकतकरातून पाचशे किलोमीटर फिरायला जातात.

रिसायकल काय होतं ते आता थोडक्यात सांगतो, कारण यावर खूप खोट्या आशा आहेत. पाण्याच्या नि कोल्ड्रिंकच्या बाटल्या होतात, त्यांचा धागा निघतो. कडक प्लास्टिकचा दाणा होतो, त्याच्या बादल्या, पाइप. दुधाच्या पिशव्या होतात. कागद-पुठ्ठा होतो, आपल्याकडचा पुष्कळसा वापीकडच्या मिलमधे जातो. धातू तर शंभर टक्के. हे सगळं महापालिका करत नाही बरं का. वेचक, पेठेतला भंगारवाला, त्याच्यावरचा घाऊक व्यापारी, त्याच्यावरचा गठ्ठे बांधणारा, मग कारखाना, अशी ती साखळी महापालिकेच्या खूप आधीपासून चालू आहे आणि कुणाच्याही अनुदानाशिवाय. होत नाही ते म्हणजे चिप्स-बिस्किट-गुटख्याची चकचकीत पाकिटं, कारण त्यात प्लास्टिक नि ॲल्युमिनियम चिकटवलेलं असतं, ते वेगळं करणं परवडत नाही. थर्माकोल होऊ शकतो पण टेम्पोभर थर्माकोलचं वजन किती भरणार. आणि कपडे. कपड्यांचं कुणी बोलतच नाही. ट्रॉमेलवर सगळ्यात जास्त त्रास कशाचा असतो विचाराल तर साड्या आणि ओढण्या, त्या फिरत्या चाळणीला अशा गुंडाळल्या जातात की मशीन बंद करून दोन माणसं आत उतरून सुरीनं कापतात. जुने कपडे कृपा करून गाडीत टाकू नका.

घरात करायचं काय, तर फार काही नाही. जेवणाचे डबे भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात विसळा, साबण नको, वाळवून सुक्यात टाका. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा, तो इवलासा तुकडा सुटला की तो कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात किंवा खतात. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशव्या परत घ्यायची, पिशवीमागं पन्नास पैसे द्यायची योजना होती. तुम्ही कधी पन्नास पैसे परत घेतलेत का? मीही नाही. ओला कचरा पिशवीत गाठ मारून देऊ नका, बादली द्या, नाहीतर पेपर घालून द्या. सेल, जुने मोबाइल, पॉवर बँक तर अजिबात नको, ती कॉम्पॅक्टरमधे दाबली गेली की पेट घेते, सुक्या कचऱ्याच्या शेडला लागलेल्या आगी अशा बॅटरीमुळं लागू शकतात.

आता तुम्ही म्हणाल एवढं सगळं न करता पूर्वीसारखं डेपोवर नेऊन का टाकत नाहीत. कारण डेपोशेजारी माणसं राहतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा सोसला, विहिरींचं पाणी गेलं, त्या गावांत सोयरीक करायला लोक कचरायचे, आणि त्यांनी गाड्या अडवल्या की पुण्यातल्या लोकांना तो अडाणीपणा वाटायचा. औरंगाबादला फेब्रुवारी २०१८ मधे नारेगावच्या लोकांनी गाड्या बंद केल्या, अख्ख्या शहराच्या रस्त्यांवर कचरा साठला, दुसरीकडं टाकायला गेले तर मार्चमधे मिटमिट्याला दगडफेक झाली. मुंबईचा देवनारचा डेपो १९२७ साली सुरू झाला, २०१६ च्या जानेवारीत तिथं लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. जुने डेपो आता बायोमायनिंग करून रिकामे करतायत, म्हणजे जुना ढीग खणून माती, दगड, प्लास्टिक वेगळं करायचं. पैसे तिथंही टनावरच मोजले जातात, त्यामुळं वर सांगितलेली खूण तिथंही लावून बघा.

छोटी गावं यात आपल्यापेक्षा पुढं आहेत. वेंगुर्ल्याला रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेनं कचऱ्याचे वीसच्या वर प्रकार वेगळे काढले आणि डम्पिंगची जागा लोक बघायला जातील अशी केली. तेच पुढं कल्याण-डोंबिवलीत उपायुक्त झाले, तिथं २०२० मधे शून्य कचरा मोहीम सुरू झाली आणि २०२१ मधे आधारवाडी डेपोवर कचरा टाकणं बंद झालं. गोव्यात पणजीलाही सोसायट्यांमधे सुक्याचे कितीतरी उपप्रकार वेगळे घेतात. पण वेंगुर्ल्याचं उदाहरण देऊन पुण्याला झोडपण्यात अर्थ नाही, तिथं अधिकारी सकाळी प्रत्येक गल्लीत स्वतः फिरू शकतो, इथं रोज दोन हजार टनांच्या पुढं कचरा निघतो.

तुमच्या सोसायटीबद्दल. किती फ्लॅट आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण रोजचा कचरा शंभर किलोच्या वर जात असेल तर २०१६ च्या नियमांपासूनच तुम्ही मोठे कचरा उत्पादक ठरता आणि ओला कचरा आवारात जिरवणं तुमचं काम आहे. दीडएकशे फ्लॅट असले की शंभर किलो सहज भरतो. बिल्डरनं बसवून दिलेलं मशीन असेल तर ते चोवीस तासांत खत करतं असं सांगितलं असेल. ते खत नसतं. ते वाळवलेलं, दळलेलं अन्न असतं, रंग खताचा, कुंडीत टाकून पाणी घातलं की दोन दिवसांत वास सुटतो आणि वर बुरशी धरते. आणि विजेचं बिल बघून कमिटी सहा महिन्यांत मशीन झाकून ठेवते. त्यापेक्षा विटांचे जाळीदार हौद बांधा, चार पुरे, एक भरेपर्यंत दुसरा मुरतो. प्रत्येक थराला वाळका पाला नाहीतर लाकडाचा भुसा घाला, आपल्याकडं पालापाचोळा जाळतात आणि मग कोकोपीट विकत आणतात, हा प्रकार मला कधी कळलेला नाही. वास आला म्हणजे पाणी जास्त झालंय, पाला वाढवा. जाड तपकिरी अळ्या दिसल्या तर घाबरून औषध मारू नका, त्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असतात, त्या तुमचंच काम करतायत. पुणे महापालिका असा प्रकल्प चालू ठेवणाऱ्यांना मिळकतकराच्या सर्वसाधारण करात पाच ते दहा टक्के सवलत देते, पण प्रकल्प खरंच चालू असल्याचं बघायला माणूस येतो, तेव्हा रंग मारून ठेवलेले रिकामे हौद दाखवू नका, त्याला वासावरून कळतं. मला कळायचं.

तरीही गाडीत एकत्र टाकत असतील तर तक्रार करा, पण ती ट्विटरवर फोटो टाकून आयुक्तांना टॅग करून नको. त्यानं काय होतं, वरून फोन खाली येतो, मुकादम हेल्परला झापतो, हेल्परची एक दिवसाची हजेरी जाते आणि पार्टिशन आहे तिथंच राहतं. गाडीचा नंबर, वेळ आणि रूटच्या साधारण कुठल्या टप्प्यावर एकत्र टाकायला लागतात ते चार-पाच दिवस लिहून ठेवा, आणि ते घेऊन तुमच्या भागाच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी लागते त्या ऑफिसात, जा, सकाळी हजेरीच्या वेळेला, तेव्हा मुकादम आणि एसआय दोघंही भेटतात. ‘कप्पा भरल्यावर टाकतात, सुक्याला दुसरी फेरी लावा किंवा सुक्याचे वार ठरवून द्या’ असं नेमकं मागितलं की नाही म्हणायला त्यांना जड जातं. आठवड्यातून दोन वार फक्त सुका, बाकीचे दिवस फक्त ओला, हा उपाय सगळ्यात स्वस्त आहे आणि सुका चार दिवस घरात ठेवायला काहीच हरकत नसते, विसळलेला असेल तर.

कोठीवर दाद लागली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. ‘कचऱ्याचं काय करता’ असं विचारलंत तर चार पानी निबंध येईल, तसं विचारू नका. वाहतुकीच्या कराराची प्रत मागा, त्यात पैसे टनावर की घरामागं की फेरीमागं हे लिहिलेलं असतं. एकत्र कचरा आणल्यास दंडाचं कलम आहे का आणि गेल्या वर्षभरात तो दंड कितीदा लावला हे मागा. तुमच्या रूटच्या काटा पावत्या जून-जुलैच्या आणि फेब्रुवारीच्या अशा दोन्ही मागा, शेजारी ठेवून बघा. आरडीएफ कुठल्या कारखान्याला किती गेलं आणि वाहतुकीचं बिल किती झालं तेही. या चार कागदांवर नगरसेवकाशी बोलायला बसलात तर तो ऐकतो, आणि टेंडर नवीन निघायच्या आधी बसलात तर काहीतरी बदलूही शकतं. एकदा वर्क ऑर्डर निघाली की पुढची काही वर्षं सगळे हात वर करतात.

आणि कचरा घ्यायला येणाऱ्या बाईचे पैसे वेळेवर द्या हो. चारचाकी दोन-दोन असलेल्या घरांतून ‘पुढच्या महिन्यात या’ असं ऐकून परत गेलेल्या बायका मी भरपूर बघितल्यात. लिफ्ट वापरू देत नाहीत तो आणखी वेगळा विषय.

राहिला सोफा. घंटागाडीवाला तो घेत नाही ते बरोबर आहे, त्याच्या कप्प्यात मावत नाही आणि काट्यावर ठेकेदाराला दंडही बसू शकतो. आरोग्य कोठीवर मोठ्या वस्तूंसाठी सांगून ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी वेगळा ट्रक येतो, कधी ठराविक वारी, कधी थोडं शुल्क घेऊन. स्वच्छचे लोकही जुनं फर्निचर, कपडे, भांडी गोळा करायचे कॅम्प लावतात, तुमच्या सोसायटीत येणाऱ्या ताईंना विचारा, त्यांना तारीख माहीत असते. कापसाची गादी असेल तर आधी पिंजाऱ्याला विचारा, कापूस चांगला असेल तर तो अजून नेतो. फोमची असेल तर ती कुणीच नेत नाही, ती त्या ट्रकलाच द्यावी लागेल, आणि पावसात भिजवून देऊ नका, चार माणसांना उचलत नाही.